खिशातली थरथर

त्या दिवशी माझ्या मांडीवर काहीच थरथरलं नाही, आणि माझं डोकं फिरायला तेवढं पुरलं. आमच्या चटईच्या कारखान्यात कानांचा काही उपयोग नाही. लूम सुरू झाले की माणूस माणसाशी हातांनी बोलतो, भुवयांनी बोलतो, शिवी दिली तरी ती ओठांवरून वाचावी लागते. फोन वाजला तर कोणाला ऐकू येणार? म्हणून आम्ही सगळे फोन पँटच्या खिशात मांडीला चिकटवून ठेवतो. तो थरथरला की मांडीला कळतं. मला तर कोणाची थरथर आहे तेही कळतं. कोणी फोन केला असेल तर ती लांबत जाते, थांबते, पुन्हा लांबते. मेसेज असेल तर एकदाच, तुटक, कोणी बोटाने टोचल्यासारखी. मायच्या पैशांची थरथर ही अशी टोचणारी. सरकार बायकांच्या खात्यात महिन्याला पैसे टाकायचं, मायचे ते पारोळ्याच्या बँकेत, ताईबाई चिंधा पाटील या नावावर, आणि थरथरायची ती जळगावला, एमआयडीसीत, भूपेंद्र चिंधा पाटीलची डावी मांडी. कारण खात्याला नंबर माझा होता. खातं उघडलं तेव्हा मायकडे फोन नव्हता. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनचं बटण अडकायचं. मग नंबर कोणाचा द्यायचा? पोराचा. एवढा साधा हिशेब होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

दुपारच्या चहाला लूम थांबले तेव्हा कान सुन्न झाले होते आणि त्या सुन्न कानांत पहिला आवाज आला तो वच्छलाबाईंचा. वच्छलाबाई आमच्याकडे चटयांच्या घड्या घालून पॅकिंग करतात. त्या फोन नाचवत एकेकाच्या तोंडापुढे धरत होत्या. "वाच रे भाऊ, आले ना? माझेच आहेत ना?" आले होते. गेटवरच्या चहावाल्याच्या बायकोचे आले होते, समोरच्या पाइपच्या कारखान्यातल्या झाडूवाल्या बाईचे आले होते, अख्ख्या जिल्ह्याच्या बायकांचे आले असणार. मी खिशातून फोन काढला. काच पुसली. रेंज होती. काहीच नव्हतं. माझ्या शेजारी ज्ञानेश्वर बशीतून चहा ओढत बसला होता. तो माझ्याच पाळीत दुसऱ्या लूमवर असतो, माणूस तसा वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. तो म्हणाला, "मजा आहे बायकांची. फुकटात मिळतंय, माजल्या सगळ्या. आमच्या गावात निंदायला बाई मिळत नाही." मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. तो हसला. "तुला काय झोंबलं? तुझ्या मायलापण येतात ना?" मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की त्याची कॉलर माझ्या मुठीत होती आणि चहा त्याच्या पँटवर सांडला होता आणि वच्छलाबाई आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या राहून म्हणत होत्या, "काय लहान पोरांसारखं करता रे." माझ्या मायला कोणी माजलेली म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. ज्याने माझ्या मायचे हात बघितलेत त्याने तो शब्द तोंडातून काढून दाखवावा. कपाशीच्या वेचणीने तिच्या बोटांची कातडी पार निघून गेली आहे, बँकेतलं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही, चार-चार वेळा पुसून लावावा लागतो.

पण राग ज्ञानेश्वरचा नव्हता. तो ओघात सापडला. राग हा होता की पैसे अडकले कुठे. कोणीतरी कुठेतरी मायचं नाव काढून टाकलं असणार, माझ्या डोक्यात तेच बसलं. मी गेटबाहेर कडुलिंबाखाली जाऊन सारिकाला फोन लावला. सारिका माझी धाकटी बहीण, धुळ्याला नर्सिंगचं शिकते, रोज गावाहून एसटीने जाऊन-येऊन करते. ती वर्गातून बाहेर येऊन हळू आवाजात बोलत होती. मी म्हटलं, मायचे पैसे आले नाहीत, काहीतरी घोळ आहे, उद्या तिला घेऊन बँकेत जा. ती म्हणाली, "आले ना दादा. सकाळीच आले." मी म्हटलं, माझ्याकडे मेसेज नाही. ती म्हणाली, "मायने नंबर बदलला. मागच्या आठवड्यात पारोळ्याला जाऊन. तिने फोन घेतला छोटा, बटणांचा. तिचाच नंबर लावला." मी विचारलं, कोणी शिकवलं तिला हे? तू? ती म्हणाली, "कोणी शिकवायला कशाला पाहिजे? पैसे तिचे आहेत." मग तिला वर्गात जायचं होतं. मी कडुलिंबाखाली फोन धरून उभा राहिलो, आत लूम पुन्हा सुरू झाले, सुपरवायझर दारातून हात हलवून बोलवत होता, आणि मला कळेना की मला एवढं लागायचं काय कारण. पैसे आले होते. कुठे काही घोळ नव्हता. मायचं नाव शाबूत होतं. जे नाव उडालं होतं ते माझं होतं.

मला न विचारता. हा काटा होता. साधं फोन करून सांगायचं, भाऊ, असं असं करतेय. घरात मला भाऊच म्हणतात. मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं कदाचित. तिला बँकेतलं काय कळतं म्हटलं असतं. कोणी फोन करून ओटीपी विचारला तर देऊन बसशील म्हटलं असतं, आणि ते खोटं नाही, रोज फसतात लोक. पण तिने विचारलंच नाही. पाळी सुटल्यावर अजिंठा चौफुलीपर्यंत रिक्षाने आलो, तिथून खोलीपर्यंत चालत निघालो, आणि सगळा रस्ता माझी मांडी थरथरत होती. हात घालून बघावं तर फोन गप्प. पुन्हा चार पावलं, पुन्हा थरथर. एका पानटपरीपाशी मी फोन काढून शर्टाच्या खिशात टाकला तरी मांडी थांबेना. मला स्वतःच्या मांडीचाच राग आला. एक चापट मारली तिच्यावर, भर रस्त्यात, तर टपरीवाला बघायला लागला.

आता माय फोन करत नाही. हे मला त्या दिवशी चालता चालता लक्षात आलं, म्हणजे माहीत होतं पण लक्षात आलं नव्हतं. पैसे सुरू व्हायच्या आधी ती फोन करायची, महिन्यातून एकदा तरी. आबांच्या त्या अडकणाऱ्या बटणाच्या फोनवरून. आणि तिचा फोन म्हणजे एक ठरलेला फेरा असायचा. आधी पाऊस. पडला, नाही पडला, पारोळ्याला पडला पण आपल्या शिवारात नाही. मग बकरी. तिला झालेलं पिल्लू, तिचं आटलेलं दूध. मग तिचा गुडघा. मग आबांचा खोकला. मग ती थांबायची. लूमच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही म्हणून मी एक कान दाबून भिंतीकडे तोंड करून उभा असायचो, आणि मला त्या थांबण्यातला तिचा श्वास मात्र ऐकू यायचा. आणि मग ती म्हणायची, "भाऊ, जमी का काही?" बस. पैसे हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. जमेल का काही, एवढंच. मी म्हणायचो, बघतो. त्या फेऱ्याचा मला कंटाळा होता, चीड यायची, वाटायचं बाई सरळ शेवटाला ये ना, बकरीवरून कशाला येतेस. पण बघतो म्हणताना माझी मान थोडी ताठ व्हायची. का होऊ नये? मी कमावतो. दिवसभर प्लास्टिकचा वास नाकात घेऊन, कान बहिरे करून कमावतो. मग मी पाठवायचो, कधी लगेच, कधी माझंच भाडं थकलेलं असायचं म्हणून उशिरा, कधी नाहीच. ती उशिराबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पावसापासून सुरुवात.

सरकारचे पैसे आले तेव्हा पहिल्या थरथरीला मी लूम सोडून बाहेर पळालो होतो आणि घरी फोन केला होता, माय, आले. ती म्हणाली, "बरं." मी म्हटलं, काढू नको, साठू दे, घरावरचे पत्रे बदलू. ती म्हणाली, "बरं." दोन-तीन महिने तसं झालं. मी आले म्हणायचो, ती बरं म्हणायची. मग एकदा मांडी आठवड्याच्या अधल्यामधल्या दिवशी टोचली आणि बघतो तर पैसे काढलेले. गावातल्या बँकेच्या छोट्या मशीनवर, थोडेसेच. मी फोन करून ओरडलो. ती म्हणाली, "सारिकाना पास शे." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच तारखेच्या आसपास. सारिकाचं कॉलेज आधीच्या वर्षी मध्येच थांबलं होतं ते या पासपायी. एसटीचा पास महिन्याला संपतो, आमच्या शेतातला कापूस वर्षातून एकदा येतो, आणि मी येतो तो माझ्या सवडीने. पोरगी महिनाभर जायची, दोन महिने घरी बसायची, मास्तरांनी शेवटी नाव कमी केलं. आता तिचं नाव पुन्हा लागलं आणि ती रोज एसटीच्या त्या लाल डब्यात उभी राहून धुळ्याला जाते. मग औषधाचे पैसे निघायला लागले. मायला बीपीची गोळी आहे. पूर्वी ती मेडिकलवाल्याला पाकीट कात्रीने कापून द्यायला लावायची, चार गोळ्या, पाच गोळ्या, आणि त्या संपल्या की डोकं धरून बसायची पण पुढच्या गोळ्या कापूस विकल्यावरच. आता अख्खं पाकीट येतं. हे सगळं मी घरी न जाता बघत होतो. मांडी टोचली की मला कळायचं, आज गोळ्या आल्या. आज पास. आज बहुतेक चहा-साखर. मागच्या वर्षी तर आबांनी कापूस घरात ठेवला. दिवाळीच्या तोंडावर दारात टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला ओला कापूस मिळेल त्या भावाने देऊन टाकायचा हे आमच्या घरात मी जन्मापासून बघतोय, कारण किराणाच नसायचा. मागच्या वर्षी किराणा होता. व्यापारी दोनदा येऊन परत गेला. भाव थोडा वर गेल्यावर आबांनी दिला. आबांनी मला हे फोनवर इतक्या आनंदाने सांगितलं की मला त्यांचाही राग आला. या सगळ्यात मी कुठे होतो? मी मांडी होतो. आता तीही नव्हतो.

श्रावण लागला होता. आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटाचे गहू आधीच्या रविवारी मोजतात. ज्याला आमचा खान्देश माहीत नाही त्याला सांगतो. रोट म्हणजे देवीचा प्रसाद, त्याच गव्हाच्या पिठाचा, आणि तो घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणही नाही. त्याचे गहू पायलीने मोजत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्या घरात ज्याची त्याने आपल्या हाताने टाकायची, जो बाहेरगावी असेल त्याची बापाने. आमच्या घरात पुरुष दोन, आबा आणि मी. म्हणून आमचा रोट नेहमी कमी पडायचा. खायला आम्ही चौघं, आणि माय सगळ्यांना वाढून पातेलं पुसून खायची. गहू आम्ही पिकवत नाही, कोरडवाहू जमीन आहे. रोटाचे गहू गावातल्या रतिलाल भाऊंकडून यायचे. त्यांची विहीर-बागायत. माय श्रावणात त्यांच्याकडे निंदायला जायची आणि मजुरीऐवजी ते गहू द्यायचे, देवीचे म्हणून निवडून, आणि उपकार केल्यासारखं करून द्यायचे. मी लहानपणी तिच्याबरोबर त्यांच्या ओट्याखाली उभा राहिलेलो आहे.

त्या रविवारी मी धुळ्याच्या एसटीने निघालो. गहू मोजायला जातोय असं मी स्वतःला सांगत होतो, पण एरंडोल गेल्यापासून तोंडातल्या तोंडात मी भांडत होतो. तू समजतेस काय स्वतःला. मी मेलो का. शेजारच्या म्हाताऱ्याने दोनदा वळून बघितलं. पारोळ्याच्या पुढे आमच्या फाट्यावर उतरलो तर टपरीवर मोटारसायकल लावून नेमके रतिलाल भाऊ उभे. "अरे भूपेंद्र, बस मांघे, गावातच चाललो." ऊन होतं, फाट्यापासून गाव लांब. मी बसलो. ते मान मागे वळवून वाऱ्यातून बोलत होते. "तुनी माय मोठी बाई व्हई गयी रे आते. निरोप धाडा त म्हनस, आज नही, सोमवारले येसू. सोमवारले!" मग पुन्हा मान वळवून म्हणाले, "फुकटना पैसा शे ना. माज उना बायास्ले. गहू बी नको म्हने औंदा." तोच शब्द. ज्ञानेश्वरची कॉलर धरली होती मी त्या शब्दासाठी. इथे माझे दोन्ही हात मोटारसायकलच्या मागच्या दांडीला धरलेले होते, आणि माझ्या तोंडातून फक्त हूं निघालं. त्यांनी मला घराच्या अगदी दारात सोडलं. माय ओट्यावर सूप घेऊन गहू निवडत बसली होती. तिने मोटारसायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उना का भाऊ," ती म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

घर तेच होतं. पत्रे तेच, गंजलेले. पण आत काहीतरी वेगळं होतं आणि ते काय ते मला आधी कळेना. मग कळलं की कोणी धावपळ करत नव्हतं. मी आलो की पूर्वी एक पळापळ व्हायची, सारिका शेजारी साखर मागायला जायची, आबा उगाच उठून उभे राहायचे. आता चहा झाला, मला मिळाला, आबांना मिळाला, माय स्वतःसाठीही पूर्ण कप घेऊन बसली. कोनाड्यात गोळ्यांचं पाकीट. खिळ्याला सारिकाची कॉलेजची पांढरी साडी इस्त्री करून टांगलेली. आणि मायच्या कमरेला छोटी कापडी पिशवी, तिच्यात तो फोन. मी म्हटलं, दाखव फोन. तिने दिला. हातात मावेल एवढा, निळा. मी विचारलं, "मना नंबर कसाले काढा?" ती गव्हातला एक खडा ओट्याखाली फेकत म्हणाली, "मना पैसास्ना मेसेज माले नको का येवाले? तू तठे कामवर ऱ्हास. तुले तरास." तिच्या आवाजात भांडण नव्हतं, लपवालपवी नव्हती, काहीच नव्हतं. मला तेच सहन झालं नाही. ती घाबरली असती तर मी तिला माफ केलं असतं.

आबांनी धुतलेलं फडकं अंथरलं. हळदकुंकू लावलं. निवडलेले गहू परातीत. आबांनी आपली मूठ भरून फडक्यावर टाकली, मग वरची पाव मूठ, डोळे मिटून हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये रे भाऊ, मूठ टाक." मी पुढे सरकलो तर माय म्हणाली, "भाऊनी टाकी म्हणजे मंग मी. मंग सारिका." आबांनी मान हलवली, म्हणजे त्यांचं आधी ठरलेलं होतं, सगळ्यांचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "औंदा मनी बी मूठ पडी." राग आला की माझ्या तोंडून घरची बोली निघत नाही, शहरातली निघते, सुपरवायझरची. मी म्हटलं, "रीत काय आहे आपल्यात? मुठी पुरुषांच्या पडतात." ती म्हणाली, "गहू कोना शेतस?" मग तिनेच सांगितलं, "मना शेतस. बाजारमाथून मी आना. मना पैसानी." आणि मग मी बोललो. म्हटलं, तुझे पैसे? कुठून आले तुझे पैसे? कमावलेस? फुकटचे पैसे आहेत ते, आज आहेत, उद्या नसतील, आणि त्या जिवावर तू पोराचा नंबर काढतेस, लोकांचे निरोप परत पाठवतेस, देवीची रीत मोडतेस. माज आलाय तुला.

आबा फडक्यावरच्या आपल्या मुठीकडे बघत राहिले. सारिका चुलीपाशी उठून उभी राहिली. माय रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, आणि ती रडली की मी वरमून तिच्या पायाशी बसेन आणि सगळं पूर्वीसारखं होईल. तिने परातीच्या कडेला हात टेकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हाई तू बोलना का रतिलाल बोलना?" मग ती म्हणाली, "इतला वरीस त्याना घरथून गहू आनात मी. पाठ मोडीसन. मुठी मातर तुमन्या पडन्यात." एवढंच. आवाज चढला नाही तिचा. माझ्या हाताची मूठ वळलेली होती आणि तिच्यात एकही दाणा नव्हता. मी म्हटलं, मला नाही टाकायची मूठ, तुम्हीच टाका, तुम्हीच खा. बॅग उचलली. दारात चप्पल घालताना मान वळलीच. माय मूठ भरत होती. तिची बोटं नीट मिटत नाहीत, गहू फटींतून गळत होते, म्हणून तिने दुसरा हात खाली धरला होता. एक मूठ टाकली, वरची पाव टाकली. सारिका पुढे आली, तिने टाकली. मग मायने पुन्हा परातीत हात घातला आणि सावकाश म्हणाली, "हाई भाऊनी." माझी मूठ. ती टाकायची तर बापाने टाकायची. आबा म्हणाले, "बरं व्हयनं. औंदा रोट पुरा पडी." इतक्या साध्या समाधानाने म्हणाले की मला चप्पल काढून पुन्हा आत जावंसं वाटलं, आणि त्याच कारणाने मी फाट्याकडे तरातरा चालत सुटलो.

जळगावला येऊन मी कामाला लागलो. ज्ञानेश्वर माझ्याशी बोलत नव्हता आणि मी त्याच्याशी. चटया निघत होत्या, हिरव्या, लाल, मोरांच्या नक्षीच्या. मांडी मधूनच थरथरायची आणि मी तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी हात जायचा. माय फोन करेल असं मला वाटत होतं. रागवायला तरी. नाही आला. तिला रागवायचं नव्हतं, मागायचं नव्हतं, मग फोन कशासाठी करेल? आमच्या घरात उगाच फोन करायची पद्धतच नाही. कोणी कोणाला, कसा आहेस, एवढ्यासाठी फोन केल्याचं मला आठवत नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं बोलत होतो ते तिच्या अडचणीच्या जोरावर, आणि अडचण मिटली तर आमच्यात बोलायला एक वाक्य उरलं नव्हतं. मला याचा भयंकर राग आला. सरकारचा, मायचा, त्या निळ्या फोनचा, माझा. महिन्याच्या महिन्याला, न मागता, न चुकता पैसे टाकणं इतकं सोपं असतं तर मग तिला त्या बकरीवरून कशाला आणलं इतकी वर्षं? कोणी आणलं?

एका दुपारी मी चहाला गेलोच नाही. कडुलिंबाखाली जाऊन तिचा नवा नंबर लावला, सारिकाकडून घेतलेला. दोन रिंगांत तिने उचलला. "कोन? भाऊ का?" तिच्या पाठीमागे मोकळं शिवार ऐकू येत होतं, कुठेतरी टिटवी ओरडत होती. मला म्हणायचं होतं, मी जे बोललो ते. पण मी विचारलं, पाऊस पडला का? ती म्हणाली, पडला थोडा, पारोळ्याला जास्त. मी विचारलं, बकरी कशी आहे? म्हणाली, बरी आहे, पिल्लू खेळतं. मी विचारलं, तुझा गुडघा? ती म्हणाली, चालू आहे. मी विचारलं, आबांचा खोकला? ती म्हणाली, कमी आहे. आत लूम सुरू झाले. मी एक कान दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं. आता काय विचारायचं ते मला सुचेना, आणि फोन तर ठेववेना. मी नुसता श्वास घेत उभा राहिलो, आणि तो तिला ऐकू जात असणार, कारण ती पलीकडे अगदी गप्प होऊन ऐकत होती. हा सगळा फेरा तिच्या ओळखीचा होता. मग तिने आवाज खाली आणला, शेजारच्या बाईला कळू नये म्हणून आणतात तसा, आणि इतक्या मायेने विचारलं की माझ्या मस्तकात तिडीक गेली आणि डोळे भरून आले.

"भाऊ, पैसा जोयजेत का रे? बोल ना. लाजू नको. माले आते कोनले इचारनं पडत नही."